पाण्याखाली हायड्रोफोन नेमके कुठे लावायचे?

तळठाव

१५ नोव्हेंबर २०१७ ला अर्जेंटिनाची सान हुआन पाणबुडी ४४ माणसांसकट दक्षिण अटलांटिकमधे बेपत्ता झाली. आठवडाभराने कळलं की शेवटच्या संपर्कानंतर काही तासांतच दोन ठिकाणच्या हायड्रोफोनवर (म्हणजे पाण्यातले आवाज टिपणारे माइक) एक दणका नोंदला गेला होता. एक ठिकाण असेन्शन बेट, साधारण सहा हजार किलोमीटर लांब, आणि दुसरं क्रोझे बेटं, ती त्याहूनही लांब, हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला. दोन्हीकडून दिशा काढल्या, रेषा कुठे छेदतात ते बघितलं, मग १ डिसेंबरला नौदलाच्या विमानाने त्या भागात मुद्दाम एक छोटा स्फोट केला आणि त्याची नोंद पहिल्या दणक्याशी ताडून बघितली. वर्षभराने, नोव्हेंबर २०१८ मधे, ९०० मीटरहून जास्त खोलीवर अवशेष सापडले.

हे हायड्रोफोन पाणबुड्या शोधायला लावलेलेच नाहीत. अणुचाचणी बंदी कराराची जी देखरेख यंत्रणा आहे, सीटीबीटीओ, तिचे आहेत ते. या यंत्रणेत जमिनीवरच्या भूकंपमापकांची मुख्य ५० आणि सहाय्यक १२० स्टेशनं आहेत, पण जगातल्या सगळ्या महासागरांसाठी मिळून फक्त ११! त्यातलीही ६ च खरी हायड्रोफोनवाली, उरलेली ५ म्हणजे उभ्या कड्यांच्या बेटांवर लावलेले भूकंपमापक, पाण्यातला आवाज बेटाच्या उतारावर आपटून जमिनीत शिरतो तो पकडायला.

एवढ्यावर भागतं कारण समुद्रात एक पट्टा असा असतो जिथे आवाजाचा वेग सगळ्यात कमी असतो. वरचं पाणी गरम म्हणून तिथे वेग जास्त, खाली दाब जास्त म्हणून तिथेही वेग जास्त, आणि आवाज नेहमी कमी वेगाच्या पाण्याकडे वळतो, त्यामुळे एकदा त्या पट्ट्यात शिरला की वर जायला लागला तरी परत खाली वळतो, खाली गेला तरी परत वर. तळाला आपटणं नाही, लाटांना आपटणं नाही, मग ताकद टिकून राहते. याला सोफार म्हणतात. १९६० साली ऑस्ट्रेलियात पर्थजवळ समुद्रात स्फोट केले होते, ते पावणेचार तासांनी अटलांटिकमधे बर्म्युडाला ऐकू आले, पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला.

पण मला सगळ्यात आवडतो तो जागा निवडण्याचा भाग. बेटाच्या एकाच बाजूला हायड्रोफोन टाकले तर पलीकडच्या बाजूला बेटाची सावली पडते, तिकडचं काहीच येत नाही. म्हणून हिंदी महासागरातल्या डिएगो गार्सिया बेटाला चागोसच्या उथळ पठाराच्या उत्तरेला तीन हायड्रोफोनची एक तिकडी आणि दक्षिणेला दुसरी. असेन्शन, क्रोझे, वेक, हुआन फर्नांडेझ, सगळीकडे दोन दोन तिकड्या. फक्त ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यावरच्या केप लीविनला एकच, कारण पाठीमागे अख्खा खंड आहे, तिकडून ऐकायचं काय? तिकडी म्हणजे साधारण दोन किलोमीटर बाजूचा त्रिकोण, तळाला नांगर, वर पाण्याखालीच राहणारा बोया, आणि हायड्रोफोन बरोब्बर सोफारच्या खोलीवर तरंगत.

तर विषय हा: मोजकेच सेन्सर आहेत, समुद्र मोठा आहे, जागा कशा ठरवायच्या? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरूर लिहा.

देवगडी

दादा अगदी वेळेवर धागा काढलात. आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, देवगड ते मालवण पट्ट्यात डॉल्फिनचे आवाज रेकॉर्ड करायचे आणि ते कुठे आहेत ते काढायचं. बजेटमधे चार हायड्रोफोन बसतायत. डेटाशीटवरून अंदाज केला की एक सेन्सर दोन किलोमीटरपर्यंत ऐकेल, मग नकाशावर दोन किलोमीटरची चार वर्तुळं कमीत कमी ओव्हरलॅप होतील अशी बसवली की झालं असं सर म्हणाले. हे चालेल का? खोली बहुतेक ठिकाणी २० ते ३० मीटर आहे.

मांडवीकाठ

देवगडी, वर्तुळं विसरायची. अगदी मनापासून सांगते, आपल्या किनाऱ्यावर वर्तुळ कधीच नसतं, आणि जे काही असतं ते दर महिन्याला आकार बदलतं.

तुमच्या खोलीचं गणित करून दाखवते. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरला, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खालून थंड पाणी वर सरकलेलं असतं. गोव्यात कांदोळीसमोर २५-३० मीटर खोलीत वरती २९ अंश आणि तळाला २१-२२ अंश अशी स्थिती तेव्हा असते. तापमानाच्या एका अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास बदलतो, म्हणजे वरच्या आणि तळाच्या पाण्यात सेकंदाला वीसेक मीटरचा फरक पडला. हा फरक वीस मीटर खोलीत एकसारखा उतरत गेला असं धरलं तर आवाजाचा किरण साधारण दीड किलोमीटर त्रिज्येच्या कमानीत खाली वळतो. डॉल्फिन पाण्याच्या वरच्या थरात आहे आणि त्याची शिट्टी आडवी निघाली, तर ती जेमतेम अडीचशे मीटरवर तळाला टेकते! त्यापुढे जे काही येतं ते तळावर आपटत आपटत. तळ चिखलाचा असेल तर चिखल बराच आवाज पिऊन टाकतो, वाळू किंवा खडक असेल तर परत फेकतो. म्हणजे तुमचे दोन किलोमीटर एका दिशेला खरे ठरतील आणि दुसऱ्या दिशेला सहाशे मीटरवर संपतील.

हेच जानेवारीत बघाल तर वरखाली पाणी बऱ्यापैकी मिसळलेलं असतं आणि आवाज सरळ जातो.

ही गोष्ट नवी नाहीये. १९३० च्या दशकात अमेरिकन नौदलाला कळेना की सकाळी व्यवस्थित चालणारं सोनार दुपारनंतर का मंदावतं. ऑपरेटरला दोष देऊन झाला. नंतर वुड्स होल या तिथल्या समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी मोजून दाखवलं की दुपारच्या उन्हाने वरचे काही मीटर पाणी एखाद-दोन अंशांनी तापतं आणि तेवढ्यानेच आवाज खाली वळून पाणबुडी सावलीत जाते. तिथे अंशभराचा प्रश्न होता, तुमच्याकडे सात-आठ अंशांचा आहे.

म्हणून हायड्रोफोन होडीवरून दोन मीटर खाली सोडायचे नाहीत, तळाजवळ ठेवायचे, तळापासून दोन-तीन मीटर वर. आणि जागा ठरवताना वर्तुळाच्या ऐवजी प्रत्येक उमेदवार जागेसाठी, किमान तीन ऋतूंसाठी, आवाज कुठपर्यंत पोचतो त्याचा नकाशा काढायचा. त्यासाठीचे किरण-मॉडेल फुकट मिळतात.

तळठाव

मांडवीकाठ, वा! अडीचशे मीटरचा आकडा मी स्वतः काढून बघितला, बरोबर येतोय. बाकीच्यांसाठी एक भर घालतो, मी वर सोफारचं लिहिलं तो पट्टासुद्धा सगळीकडे एका खोलीवर नसतो. मध्य अक्षांशात साधारण हजार मीटर, ध्रुवांकडे जाल तसा वर येत येत पृष्ठभागाला लागतो, आणि अरबी समुद्रात तांबड्या समुद्रातून आणि इराणच्या आखातातून येणाऱ्या गरम खारट पाण्यामुळे दीड हजार मीटरच्याही खाली जातो. अटलांटिकमधली खोली उचलून इथे वापरली तर सेन्सर चुकीच्या मजल्यावर बसतो.

वेलांटी

निवडीच्या गणिताबद्दल लिहिते, कारण इथे लोक उगाच जेनेटिक अल्गोरिदम वगैरे घेऊन बसतात.

देवगडी, समजा तुमच्याकडे शक्य अशा २०० जागा आहेत आणि चार निवडायच्यात. एकूण चौकड्या साडेसहा कोटींच्या आत. प्रत्येक जागेचा ऐकू येण्याचा नकाशा आधी काढून ठेवला की लॅपटॉप सगळ्या चौकड्या एक एक करून तपासू शकतो, आणि जे उत्तर येईल ते सर्वोत्तमच असेल, अंदाज नाही. चारसाठी कुठलीही हुशारी लागत नाही.

दहा सेन्सर झाले की मात्र हे मोडतं, दोनवर सोळा शून्यं एवढ्या शक्यता होतात. तिथे ग्रीडी पद्धत वापरा. पहिली जागा अशी की जी सगळ्यात जास्त भाग ऐकेल, दुसरी अशी की जी पहिलीने न ऐकलेल्यातला सगळ्यात जास्त भाग ऐकेल, असं करत जायचं. नेमहाउझर, वोल्सी आणि फिशर यांनी १९७८ मधे सिद्ध केलंय की प्रत्येक नव्या सेन्सरचा फायदा कमी कमी होत जाणार असेल तर या साध्या पद्धतीचं उत्तर सर्वोत्तमाच्या किमान ६३ टक्के असतंच. व्यवहारात त्याहून बरंच चांगलं येतं.

आता नीट वाचा, कारण तुमच्या प्रोजेक्टमधे हीच अट मोडते. तुम्हाला डॉल्फिन नुसता ऐकायचा नाहीये, तो कुठे आहे ते काढायचंय. वेळेतल्या फरकावरून जागा काढायला किमान तीन सेन्सरना तोच आवाज ऐकू यायला हवा. मग "किमान तिघांना ऐकू येणारा भाग" हे उद्दिष्ट धरलं तर पहिल्या सेन्सरचा फायदा शून्य, दुसऱ्याचाही शून्य, आणि तिसऱ्याला एकदम सगळं! फायदा कमी होत जाण्याऐवजी वाढला, ६३ टक्क्यांची हमी गेली, आणि ग्रीडीला पहिल्या पावलाला सगळ्या जागा सारख्याच दिसतात म्हणून ती कुठेही जाते. यावर तोडगा असा की प्रत्येक ठिकाणाला किती सेन्सर ऐकतात ते मोजायचं पण तीनच्या वर मोजायचं नाही, आणि त्याची बेरीज वाढवत न्यायची. हे उद्दिष्ट परत नियमात बसतं. अगदी तेच उत्तर मिळेल असं नाही, पण सुरुवात चांगली होते आणि मग शेवटी एक एक जागा अदलाबदल करून सुधारता येतं.

आणि तुमची सरांनी सांगितलेली कमीत कमी ओव्हरलॅपची अट इथे बरोबर उलटी पडते. तुम्हाला ओव्हरलॅपच हवाय.

देवगडी

ताई हे डोक्यातच आलं नव्हतं, ओव्हरलॅपचं. मग चारही एका रेषेत किनाऱ्याला समांतर लावले तर? बोटीने लावायला आणि काढायला सोपं पडेल.

तळठाव

सरळ रेषेत अडचण अशी की रेषेच्या डावीकडून आलेला आवाज आणि उजवीकडून आलेला आवाज सारखाच दिसतो. तुमच्या बाबतीत रेषा किनाऱ्याजवळ असेल तर आरशातली जागा जमिनीवर पडेल आणि ती सरळ खोडता येईल, त्यामुळे हे अगदीच वाईट नाही. पण रेषेच्या टोकांच्या दिशेला, म्हणजे उत्तर-दक्षिण, अंतर काढणं फार कच्चं होतं, आणि डॉल्फिन किनाऱ्याला धरून त्याच दिशेने ये-जा करत असतील तर तेच नेमकं लागणार. सीटीबीटीओवाल्यांनी तिकड्या त्रिकोणात लावल्या त्या याचसाठी, कुठल्याही दिशेने आवाज आला तरी दिशा निघते. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्राच्या भूकंपात डिएगो गार्सियाच्या तिकडीवर आवाजाची दिशा मिनिटामिनिटाला उत्तरेकडे सरकत गेलेली दिसते, जमीन दक्षिणेकडून उत्तरेकडे फाटत गेली ती अशी पाण्यातून ऐकू आली. एका सरळ रेषेतून इतकं स्वच्छ मिळालं नसतं.

शिवाय घड्याळं. पाण्याखाली जीपीएस पोचत नाही. एक मिलिसेकंद चुकली की दीड मीटर चुकला, आणि साधं क्वार्ट्झ दहा लाखांत एक भाग जरी सरकलं तरी दिवसाला ८६ मिलिसेकंद, म्हणजे १३० मीटर. चारही रेकॉर्डर स्वतंत्र असतील तर एखादा छोटा पिंगर ओळखीच्या जागी बांधून ठेवा, तो दर काही मिनिटांनी वाजेल आणि नंतर चारही फाइल त्यावरून जुळवता येतील. त्या पिंगरची जागा सुद्धा निवडीचाच भाग आहे, चौघांनाही सरळ ऐकू आला पाहिजे.

तांडेलाचा_नातू

सगळं वाचलं, फार छान चाललंय. मी आचऱ्याच्या बाजूचा, घरात तीन पिढ्या मासेमारी. कोणी अजून बोललं नाही म्हणून लिहितो.

तुम्ही जिथे तळाला काही ठेवाल तिथे ट्रॉलर तळ खरवडत जातो. बारा-पंधरा वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाण्यात, सपाट चिखलाचा तळ म्हणजे ट्रॉलवाल्याची हक्काची जागा. तुमचा नांगर, दोर, यंत्र सगळं जाळ्यात जाईल आणि त्याचं जाळंही फाटेल, त्याचंही नुकसानच आहे. वर बोया लावला तर दिसतो, पण मग कोणाच्या तरी पंख्यात दोर अडकतो नाहीतर बोया कापून नेतात. किनाऱ्याजवळ लावाल तर रापणीची जाळी. म्हणजे नकाशावर २०० जागा असल्या तरी त्यातल्या कितीतरी आधीच बाद करा.

ट्रॉल जात नाही अशा जागा म्हणजे खडपाच्या. तिथे जाळी फाटतात म्हणून सगळे लांब राहतात. कुठे खडप आहे, कुठून कुठपर्यंत, हे जुन्या तांडेलांना वावासकट पाठ असतं, चार्टवर नाहीत अशी खडपं पण त्यांना माहीत आहेत. मच्छीमार सोसायटीत जाऊन बसा, चहा घ्या, नकाशा पसरा आणि विचारा. आधी सांगून लावलंत तर लोक सांभाळतात, न सांगता लावलंत तर कोणाची वस्तू म्हणून कोण सांभाळणार? आणि मालवणच्या अभयारण्याच्या हद्दीत लावणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

दोराचं पण बघा. भरती-ओहोटीच्या ओढीत ताणलेला दोर गुणगुणतो, हात लावला की कळतं. आणि दोन-तीन आठवड्यात त्यावर शेवाळ आणि कालवं बसायला लागतात, वजन वाढतं.

मांडवीकाठ

नातू, तुमची पोस्ट सोन्यासारखी आहे. पण देवगडीला आता खरी पंचाईत सांगते. खडपाजवळ ट्रॉलर नसतात, पण तिथे टिचकी कोळंबी असते. लहानशी, एका नांगीने पाण्यात बुडबुडा फोडते आणि त्याचा कडक टक असा आवाज होतो, आणि हजारोंनी असल्या की हायड्रोफोनवर अखंड मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं. हा आवाज साधारण २ ते २० किलोहर्ट्झ आणि त्याच्याही वर पसरलेला असतो, डॉल्फिनच्या शिट्ट्या बरोबर त्याच पट्टीत. म्हणजे जिथे यंत्र सुरक्षित तिथे ऐकायला सगळ्यात वाईट.

मधला मार्ग म्हणजे खडपाच्या कडेपासून जरा बाजूला, ट्रॉलवाला सहसा जेवढं अंतर राखतो त्याच्या आतच, पण कोळंबीपासून शक्य तेवढं लांब. किती लांब हे मॉडेल सांगणार नाही. होडीवरून हायड्रोफोन सोडून खडपापासून दूर जात जात पाच-पाच मिनिटं रेकॉर्ड करा, इंजिन बंद ठेवून, आणि आवाजाची पातळी कुठे उतरते ते बघा. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा, कारण या कोळंबीचा जोर पहाटे आणि संध्याकाळी वाढतो असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय.

वेलांटी

हे सगळं गणितात सहज बसतं. जागेला "इथे शक्य नाही" असं कुंपण घालायचं, आणि ऐकू येण्याच्या नकाशात प्रत्येक जागेचा स्वतःचा गोंगाट टाकायचा, सगळीकडे एकच गोंगाट धरायचा नाही. एका सापळ्याकडे मात्र लक्ष द्या. बरेच जण "एका सेन्सरने ऐकण्याची शक्यता ५० टक्के, मग दोघांपैकी एकाने तरी ऐकण्याची ७५ टक्के" असा हिशोब करतात. हा हिशोब दोघांचं ऐकू न येणं एकमेकांवर अवलंबून नसेल तरच खरा. समुद्रात वारा सुटला, पाऊस लागला की चारही सेन्सर एकदमच बहिरे होतात. म्हणून सरासरी दिवस धरून मांडणी करू नका. सगळ्यात वाईट महिना घ्या आणि त्या महिन्यात जी मांडणी बरी चालते ती निवडा.

उत्तरेचा_वारा

मी स्वीडनमधे असतो, बाल्टिकच्या कामाशी थोडा संबंध आलाय म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. २०११ ते २०१३ मधे बाल्टिकच्या भोवतालच्या देशांनी मिळून सांबाह नावाचा प्रकल्प केला, हार्बर पॉर्पॉइज मोजायचा, डॉल्फिनसारखाच छोटा प्राणी. एकूण ३०४ जागी टिपणयंत्रं लावली. जिथे हे प्राणी दिसतात तिथे लावली नाहीत! अख्ख्या समुद्रावर सारख्या अंतराची जाळी टाकली, आणि बिंदू जिथे पडले तिथे यंत्र, प्राणी असोत नसोत. कारण प्रश्न होता एकूण किती आहेत, आणि आपल्या आवडीच्या जागी लावली तर उत्तर आपल्याला हवं तसं फुगतं. महिनोन्महिने काहीच न नोंदणारी यंत्रंसुद्धा त्या हिशोबात तेवढीच कामाची होती. मुख्य बाल्टिकमधे जेमतेम पाचशेच्या आसपास उरलेत असं निघालं, आणि उन्हाळ्यात ते समुद्राच्या मधल्या उथळ भागात जमतात हे पण समजलं, जिथे कोणी आधी फारसं बघितलंच नव्हतं.

देवगडीने आधी ठरवायला हवं, त्याला डॉल्फिन कुठे फिरतात त्याचा माग हवाय की या पट्ट्यात ते किती वापर करतात हे हवंय. चार सेन्सरमधे दोन्ही होणार नाही. माग हवा असेल तर चारही एकत्र, वापर हवा असेल तर चारही लांब लांब आणि जागा चिठ्ठ्या टाकून.

देवगडी

सगळ्यांचे मनापासून आभार, एका धाग्यात सहा महिन्यांचं काम सोपं झालं. ग्रुपशी बोललो, आम्हाला मागच हवाय. त्यामुळे लहान भाग घेतोय, साधारण दीड किलोमीटर बाय एक, एका खडपाच्या बाहेरच्या अंगाला. चार सेन्सर चौकोनात न लावता तीन त्रिकोणात आणि चौथा थोडा बाहेर, एखादा बंद पडला तरी तिकडी शिल्लक राहील असा विचार आहे. पिंगर मधे. लावायचं नोव्हेंबरच्या शेवटी, म्हणजे पाणी मिसळायला लागलेलं असेल. सोसायटीत जायला नातूदादा तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

एक शंका राहिली. ज्या दिवशी रेकॉर्डिंग त्या दिवशीचं खालपासून वरपर्यंतचं तापमान आमच्याकडे नसेल. नुसत्या जुन्या सरासरीवर आवाजाचा वेग धरला तर चालेल?

मांडवीकाठ

नाही चालणार, पण उपाय स्वस्त आहे. तापमान नोंदणारे छोटे लॉगर मिळतात, बोटाएवढे. पिंगरच्याच दोरावर चार बांधा: एक पृष्ठभागापासून दोन मीटरवर, एक तळाजवळ, आणि उरलेले दोन मधे, पण सारख्या अंतरावर नकोत. आधी एकदा होडीवरून एक लॉगर हळूहळू खाली सोडून तापमान कुठे झपकन उतरतं ते बघा आणि ते दोन त्या उताराच्या वर आणि खाली ठेवा. दर दहा मिनिटांनी नोंद पुरे. क्षारता नोव्हेंबरअखेर खाडीच्या तोंडापासून लांब असाल तर फार हलत नाही, बाटलीत वरचं आणि तळाचं पाणी आणून एकदा मोजलं तरी भागेल.

तांडेलाचा_नातू

व्यनि बघितला. पुढच्या रविवारी या, सकाळी नको, होड्या परत आल्यावर दुपारी. नकाशा मोठा छापून आणा, मोबाईलवर म्हाताऱ्यांना दिसत नाही. खोली मीटरमधे असेल तर बाजूला वावात पण लिहून आणा.